टेस्ट चालवताना कमांड लाइनची लांबी संपते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकल्प लहान असतो तोवर कोणी कमांड लाइन मोजत बसत नाही. मग टेस्ट वाढतात, फोल्डरच्या पोटात फोल्डर होतात, आणि एका सकाळी सीआयवर (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) एकही टेस्ट न चालता सगळं लाल होतं. लिनक्सवर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’, विंडोजवर ‘द कमांड लाइन इज टू लाँग’. टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हेच प्रश्न पडतात आणि दर वेळी चॅटवर तीच उत्तरं टाइप करायचा मला कंटाळा आलाय, म्हणून हे पान. कमांड आणि स्विच उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये द्यायचे.

ही मर्यादा घालतं कोण? टेस्ट रनर, शेल की ऑपरेटिंग सिस्टिम?

बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिम; टेस्ट रनर (टेस्ट शोधून चालवणारा प्रोग्राम) किंवा शेल (आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) नव्हे. लिनक्स आणि मॅकवर नवा प्रोग्राम ‘एक्झेक’ या सिस्टिम कॉलने सुरू होतो. त्या वेळी सगळी आर्ग्युमेंट्स आणि सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या नाव आणि किंमत अशा जोड्या) नव्या प्रोसेसच्या स्टॅकवर कॉपी होतात. ती ठरलेल्या जागेत मावली नाहीत, तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ‘ई-टू-बिग’ हा एरर कोड परत देतो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. शेल फक्त निरोप पोचवतं. म्हणून एररच्या ओळीची सुरुवात ‘बॅश:’ अशी असते.

तेव्हा रनरला जास्त बडबड करायला लावणारे स्विच देऊन काही हाती लागत नाही. रनर अजून जन्मालाच आलेला नसतो.

नेमके आकडे काय आहेत?

लिनक्सवर २.६.२३ या कर्नलच्या आधी, म्हणजे २००७ पर्यंत, आर्ग्युमेंट्स आणि एन्व्हायर्नमेंट मिळून १२८ किलोबाइट एवढीच जागा होती. जुन्या पुस्तकांत आणि उत्तरांत दिसणारा १,३१,०७२ हा आकडा तिथला. त्यानंतर ही मर्यादा स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश झाली. स्टॅक साधारणपणे ८ मेगाबाइट असतो, म्हणून ‘गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स’ ही कमांड बहुतेक मशीनवर २०,९७,१५२ दाखवते. मॅकवर हाच आकडा १०,४८,५७६ आहे. पोसिक्स मानक मात्र फक्त ४,०९६ बाइटची हमी देतं, त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतं’ या वाक्याला इथे काही किंमत नाही.

विंडोजवर दोन दारं आहेत आणि दोन्हींची उंची वेगळी. ‘क्रिएटप्रोसेस’ हा मूळ कॉल शेवटचं शून्य धरून ३२,७६७ अक्षरं घेतो. सीएमडी, म्हणजे विंडोजचं जुनं शेल, मात्र ८,१९१ अक्षरांवरच थांबतो. विंडोज २००० मध्ये तर तो २,०४७ वर थांबायचा.

हिशेब करून पाहा. एका टेस्ट फाइलचा पाथ सरासरी ६० अक्षरांचा धरला, तर सीएमडीतून जेमतेम १३० फाइली जातात, क्रिएटप्रोसेसमधून पाचशेच्या वर थोड्या. मध्यम आकाराच्या प्रकल्पाला एवढं पुरत नाही.

गेटकॉन्फ २० लाख बाइट दाखवतो, माझी कमांड दोन-अडीच लाखांची आहे. तरी एरर का?

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हा. लिनक्सवर एकूण मर्यादेशिवाय आणखी एक मर्यादा आहे: कोणतंही एक आर्ग्युमेंट ३२ पेजेसपेक्षा मोठं चालत नाही. पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) सहसा ४ किलोबाइटचं असतं, म्हणजे १,३१,०७२ बाइट, आणि त्यातला शेवटचा एक बाइट समाप्तीच्या शून्याचा. हा आकडा कर्नलमध्ये पक्का बसवलेला आहे, गेटकॉन्फ तो सांगत नाही आणि स्टॅकची मर्यादा वाढवून तो वाढतही नाही.

आता ४,००० टेस्ट फाइली ६० बाइटच्या दराने धरा: सुमारे २,४०,००० बाइट. रनरला थेट दिल्या तर त्या ४,००० वेगळ्या आर्ग्युमेंट्स होतात आणि सहज जातात. पण तीच कमांड ‘बॅश -सी’ला एका अवतरणात दिली, की सगळी मिळून एकच आर्ग्युमेंट होते आणि दारातच अडकते. गंमत अशी, की हे ‘बॅश -सी’ आपण स्वतः लिहिलेलं नसतंच. मेक (बिल्डच्या पायऱ्या चालवणारं साधन) आपल्या रेसिपीची ओळ शेलला अशीच एका स्ट्रिंगमध्ये देतं. एसएसएच पलीकडच्या मशीनवर कमांड अशीच पोचवतं. डॉकर कंटेनरमध्ये दोन-तीन पायऱ्या एकत्र चालवायला आपणही हाच प्रकार करतो.

टेस्टच्या बाबतीत दुसरा चोर म्हणजे फिल्टर, नावांवरून टेस्ट निवडणारा स्विच. पायटेस्टचं ‘-के’, गूगलटेस्टचा ‘--जीटेस्ट_फिल्टर’, गो टेस्टचं ‘-रन’ या सगळ्यांना हजार नावं दिली, तरी ती एका आर्ग्युमेंटमध्ये जोडून जातात. म्हणून फाइलींची यादी चालते आणि तेवढ्याच लांबीचा फिल्टर चालत नाही, असं विचित्र दृश्य दिसतं.

उपाय एकच: स्ट्रिंग बांधू नका. एसएसएचला स्क्रिप्ट स्टँडर्ड इनपुटवरून द्या (‘बॅश -एस’ आणि पुढे रीडायरेक्ट). जीएनयू मेकमध्ये ४.० पासून ‘फाइल’ नावाचं फंक्शन आहे. ते शेलला न बोलावता यादी थेट फाइलीत लिहितं. मेकमध्ये ‘एको’ करून यादी फाइलीत लिहायला गेलात, तर एको बिल्ट-इन असूनही ओळ आधी शेलला द्यावी लागते आणि तिथेच अपघात होतो.

टेस्ट सोडा, माझ्या सीआयवर साधं ‘एलएस’सुद्धा ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणतंय. एलएसला तर मी एकही आर्ग्युमेंट दिलेलं नाही!

एन्व्हायर्नमेंट फुगलंय. जागा दोघांत वाटलेली आहे, हे इथे आठवायचं.

एका जुन्या नोकरीत आमच्या पाइपलाइनची पहिली पायरी बदललेल्या फाइलींची यादी एका व्हेरिएबलमध्ये भरून एक्स्पोर्ट करायची; पुढची पायरी त्यावरून टेस्ट निवडायची. वर्षभर कोणाला काही त्रास नाही. मग कोणीतरी सगळ्या रेपोवर कोड फॉरमॅटर फिरवला, तीन हजारांवर फाइली एका कमिटमध्ये बदलल्या, आणि ते एकटं व्हेरिएबल १२८ किलोबाइटच्या पुढे गेलं. एलएस चालेना, डेट चालेना, गिट चालेना. पण सीडी आणि एको मात्र व्यवस्थित! सगळ्यांनी ठरवलं की मशीनची इमेज बिघडली आहे. ती दोनदा बदलली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सीडी आणि एको चालत होते कारण ते शेलच्या आतच असतात, त्यांना एक्झेकची पायरी चढावी लागत नाही. सुगावा तिथेच होता, आम्हाला तो दुपारी चारला दिसला.

तपासताना एक मजा होते: ‘एन्व्ह’चा निकाल ‘डब्ल्यूसी’ला देऊन मोजायला जावं, तर हे दोन्ही बाहेरचे प्रोग्राम, तेही चालत नाहीत. त्याऐवजी शेलच्या आतली सोय वापरा: डॉलर, महिरपी कंस, हॅश आणि व्हेरिएबलचं नाव लिहिलं की त्याची लांबी मिळते. गुन्हेगार सापडला की ‘एक्स्पोर्ट -एन’ करून त्याला बाहेर जाण्यापासून थांबवा. यादी फाइलीत लिहा आणि व्हेरिएबलमध्ये फक्त त्या फाइलीचा पाथ ठेवा.

विंडोजवर ‘फाइलचं नाव किंवा एक्स्टेन्शन फार लांब आहे’ अशी एरर येते. रजिस्ट्रीत लांब पाथ चालू केले, तरी जात नाही.

जाणारच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एरर २०६ चा मजकूर फाइलनावाबद्दल बोलतो, पण क्रिएटप्रोसेस हाच कोड कमांड लाइन लांबली तरीही देतो. जावाच्या लॉगमध्ये ‘क्रिएटप्रोसेस एरर=२०६’ असं दिसलं, तर ते बहुतेक वेळा क्लासपाथचं (जावाला दिलेल्या जार, म्हणजे लायब्ररीच्या फाइलींच्या, यादीचं) काम असतं. रजिस्ट्रीतला तो स्विच २६० अक्षरांच्या पाथमर्यादेसाठी आहे. तो चालू असायला हरकत नाही, पण या दुखण्यावरचं औषध ते नव्हे.

प्रोजेक्ट ‘सी:’च्या मुळाशी हलवणं किंवा ‘सबस्ट’ने लहान ड्राइव्ह अक्षर देणं यांनी प्रत्येक पाथमागे वीस-तीस अक्षरं वाचतात. आज संध्याकाळी डेमो असेल तर करा. उद्या मात्र नीट उपाय करा, कारण टेस्ट वाढायच्या थांबणार नाहीत.

पॉवरशेल वापरलं की ८,१९१ ची कटकट जाते ना?

अर्धी जाते. पॉवरशेल एक्झी फाइल थेट क्रिएटप्रोसेसने चालवतं, म्हणून ३२,७६७ पर्यंत जागा मिळते. पण एनपीएम, मेवन, ग्रेडल यांचे विंडोजवरचे दरवाजे सीएमडी किंवा बॅट फाइली आहेत. त्या कोणीही चालवल्या तरी आत सीएमडीच बसलेला असतो. एनपीएम आपल्या स्क्रिप्टही सीएमडीमार्फतच चालवतो, त्यामुळे ‘एनपीएम टेस्ट’च्या पुढे फाइलींची माळ लावणं हा विंडोजवर हमखास अडकायचा मार्ग. पायथनमधून सबप्रोसेस वापरताना ‘शेल=ट्रू’ लिहिलंत, तरी तेच दार.

सगळ्यात सोपा उपाय कोणता?

यादी देऊच नका. निम्म्याहून जास्त वेळा लांब कमांड आपणच विनाकारण तयार केलेली असते: आपण तारा (*) टाकून पॅटर्न लिहितो, शेल तो उलगडून हजारो नावं करतं, आणि ज्या रनरला ती देतो त्याला स्वतः फाइली शोधता येतच असतात. पायटेस्टला फोल्डर द्या. गोला ‘डॉट स्लॅश तीन टिंबं’ द्या. ती टिंबं शेलला कळत नाहीत, गो स्वतःच ती उलगडतो. मोकाला पॅटर्न अवतरणात द्या म्हणजे उलगडण्याचं काम मोका करेल. अवतरण दुहेरी वापरा, कारण सीएमडीला एकेरी अवतरणाचा अर्थ कळत नाही.

आणि जी निवड पुन्हा पुन्हा लागते, तिला नाव द्या. चारशे टेस्ट हाताने ‘--डीसिलेक्ट’ करणारी कमांड मी पाहिली आहे. त्या चारशे टेस्टना एक मार्कर लावला असता, तर ‘-एम’ आणि एक शब्द पुरला असता.

पण मला खरंच ठरावीक टेस्टच चालवायच्या आहेत. यादी निवडून आलेली आहे.

मग वाण्याकडे करतो तसं करा. दोन जिनसा असतील तर तोंडी सांगतो, महिन्याचा किराणा असेल तर चिठ्ठी देतो. या चिठ्ठीला इथे रिस्पॉन्स फाइल म्हणतात आणि बऱ्याच साधनांत ती ‘ॲट’ चिन्हाने देतात.

पायटेस्टमध्ये ही सोय ८.२ या आवृत्तीपासून आहे: ॲट चिन्ह, त्याला चिकटून फाइलीचं नाव, आणि फाइलीत प्रत्येक ओळीवर एक आर्ग्युमेंट. जुन्या पायटेस्टवर अडकला असाल, तर दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहा, यादी वाचा आणि ‘पायटेस्ट.मेन’ला थेट द्या. तिथे नवी प्रोसेस सुरू होत नाही, त्यामुळे कर्नलचा संबंधच येत नाही. किंवा कॉन्फटेस्ट फाइलीतल्या ‘पायटेस्ट_कलेक्शन_मॉडिफायआयटम्स’ या हुकमध्ये यादीबाहेरच्या टेस्ट गाळा. हा रस्ता हळू आहे, कारण सगळ्या फाइली आधी गोळा होतात, पण लांबलचक ‘-के’पेक्षा शहाणा.

गूगलटेस्टला ‘--जीटेस्ट_फ्लॅगफाइल’ आहे. सीटेस्टला ‘--टेस्ट्स-फ्रॉम-फाइल’ आहे, सीमेक ३.२९ पासून. बेझलला ‘--टार्गेट_पॅटर्न_फाइल’. मेवनच्या शुअरफायरमध्ये ‘-डीटेस्ट’ला स्वल्पविरामांची आगगाडी जोडण्याऐवजी ‘इन्क्लूड्स फाइल’ देता येते. डॉटनेटवाल्यांनी फिल्टर रनसेटिंग्ज फाइलीत ठेवावा. जेस्टच्या ‘--फिल्टर’ला मॉड्यूलचा पाथ द्यायचा असतो आणि ते मॉड्यूल यादी कुठूनही वाचू शकतं. तुमचा रनर घरचाच असेल आणि पायथनमध्ये असेल, तर आर्गपार्सला ‘फ्रॉमफाइल_प्रिफिक्स_चार्स’ एवढंच सांगायचं असतं. एका ओळीचं काम.

एक्सआर्ग्स आहे की! त्याचं कामच ते आहे. एवढा खटाटोप कशाला?

फाइली पुसायच्या असत्या तर मीही एक्सआर्ग्सच सांगितला असता. हजार फाइली एकदम पुसल्या काय आणि दोन हप्त्यांत पुसल्या काय, निकाल एकच. टेस्टचं तसं नाही. एक्सआर्ग्स यादीचे तुकडे करून रनर पुन्हा पुन्हा सुरू करतो, आणि ‘टेस्टची एक फेरी’ या कल्पनेवर उभ्या असलेल्या सगळ्या गोष्टी तिथे मोडतात.

पहिली मोडते ती रिपोर्टची फाइल. जेयुनिटचा एक्सएमएल रिपोर्ट दर वेळी त्याच नावाने लिहिला जातो, म्हणजे शेवटच्या तुकड्याचा रिपोर्ट उरतो. पहिल्या तुकड्यात अकरा टेस्ट फेल, डॅशबोर्डवर शून्य. कव्हरेजचंही तसंच, तिथे निदान जोडून लिहिण्याचा स्विच किंवा वेगवेगळ्या फाइली करून शेवटी ‘कव्हरेज कम्बाइन’ करण्याची सोय आहे. सेशनला एकदाच व्हायची तयारी, म्हणजे डेटाबेस उभारणं, कंटेनर चढवणं, प्रत्येक तुकड्याला पुन्हा होते. पहिल्या फेल्युअरवर थांबण्याचा स्विच फक्त त्या तुकड्यापुरता चालतो. एक्सआर्ग्स स्वतः मध्येच थांबतो तो रनरने २५५ हा कोड दिला तरच. आणि एक्झिट कोड? कोणताही तुकडा १ ते १२५ मधला कोड देऊन संपला, की एक्सआर्ग्स १२३ देतो. पायटेस्टचा १ म्हणजे टेस्ट फेल, ४ म्हणजे कमांड चुकली, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. तीन वेगळे रोग, प्रिस्क्रिप्शन एकच.

यावर कडी म्हणजे तुकडे कधी होतील हे कळत नाही. जीएनयू एक्सआर्ग्स सिस्टिमने २० लाख बाइट दिले असले, तरी स्वतःहून १२८ किलोबाइटवरच तुकडा पाडतो. म्हणजे कालपर्यंत एक फेरी होती, आज कोणीतरी चाळीस टेस्ट वाढवल्या आणि दोन झाल्या. लॉग बारकाईने वाचणाऱ्यालाच ते दिसेल. ‘--शो-लिमिट्स’ने आकडे पाहा, ‘-एस’ने मर्यादा वाढवता येते.

‘फाइंड’ वापरत असाल, तर ‘-एक्झेक’च्या शेवटी अधिक चिन्ह आहे की अर्धविराम, हे डोळ्यांत तेल घालून बघा. अधिक चिन्ह असेल तर निदान एखादा तुकडा फेल झाल्यावर फाइंडही फेल होतो. अर्धविराम असेल, तर प्रत्येक फाइलीला वेगळा रनर सुरू होतो आणि सगळे फेल झाले तरी फाइंड शून्य देऊन हसतमुखाने बाहेर पडतो. हिरव्या बिल्डमागे असा अर्धविराम लपलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि तो तिथे किती महिने होता हे शोधायची कोणाची हिंमत झाली नाही.

प्री-कमिट नावाचं साधनही आतून हेच करतं: फाइलींची यादी तोडतं आणि तुकडे एकाच वेळी चालवतं. लिंटरला ते छान. पायटेस्ट तिथे लावायचाच असेल, तर ‘पास_फाइलनेम्स’ला फॉल्स द्या.

तुकडे करणं भागच असेल, तर ते लांबीच्या हिशेबाने नको, जाणूनबुजून करा. गूगलटेस्टला शार्डची (टेस्टच्या ठरवून पाडलेल्या भागांची) संख्या आणि क्रमांक एन्व्हायर्नमेंटमधून देता येतात, जेस्टला २८ पासून ‘--शार्ड’ आहे. प्रत्येक शार्डचा रिपोर्ट वेगळ्या नावाने लिहा.

जावाचा क्लासपाथच ४० हजार अक्षरांचा आहे. मी एकच टेस्ट चालवतोय!

जावावाल्यांचं हे जुनं दुखणं. ग्रेडलच्या कॅशमध्ये प्रत्येक जारच्या पाथमध्ये ४० अक्षरांचा हॅश असतो. ग्रुप, नाव, आवृत्ती धरून एक पाथ दीडशे अक्षरांना भिडतो. अशा ३०० जार म्हणजे ४५,०००. विंडोजची मर्यादा टेस्टचं नाव येण्याआधीच ओलांडली.

उपाय तीन. पहिला ‘पाथिंग जार’: रिकामी जार बनवायची, तिच्या मॅनिफेस्टमध्ये ‘क्लास-पाथ’ या नोंदीत सगळी यादी लिहायची आणि जावाला ती एकच जार द्यायची. शुअरफायर हे मुळातच करतं, म्हणून मेवनच्या टेस्टना हा त्रास कमी. तोटा असा, की ‘जावा.क्लास.पाथ’ ही प्रॉपर्टी वाचून स्वतः काही शोधणाऱ्या लायब्ररींना एकच जार दिसते आणि त्या गोंधळतात. मॅनिफेस्ट हाताने लिहिणाऱ्यांनी ७२ बाइटनंतर ओळ तोडायचा नियम विसरू नये. पुढची ओळ एका स्पेसने सुरू होते.

दुसरा उपाय आर्गफाइल. जावाक हा कंपायलर ॲट चिन्ह कधीपासून समजत होता, पण ‘जावा’ला ते जेडीके ९ मध्ये, २०१७ साली आलं. जेडीके ८ मागे टाकला असेल, तर मी हाच निवडेन. इंटेलिजेमध्ये रन कॉन्फिगरेशनमध्ये ‘शॉर्टन कमांड लाइन’ या नावाखाली हे पर्याय मिळतात.

तिसरा उपाय म्हणजे तारा: ‘लिब स्लॅश तारा’ असं लिहिलं, की जावा ६ पासून त्या फोल्डरमधल्या सगळ्या जार घेतल्या जातात. अवतरणात लिहा, नाहीतर शेल आधीच उलगडेल. जारांचा क्रम मात्र ठरलेला नसतो. एकाच क्लासच्या दोन आवृत्त्या असतील, तर कोणती मिळेल ते नशिबावर.

क्लासपाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाका, असाही सल्ला मिळतो. विंडोजवर एका व्हेरिएबलची मर्यादाही ३२,७६७ च आहे.

‘यूलिमिट -एस’ वाढवला की झालं, असं एकाने सांगितलं.

लिनक्सवर काही काळ चालेल. स्टॅक ६४ मेगाबाइट केला तर एक चतुर्थांश म्हणजे १६ मेगाबाइट मिळायला हवेत, पण कर्नल ४.१३ पासून ६ मेगाबाइटची कमाल मर्यादा आहे. एका आर्ग्युमेंटची १२८ किलोबाइटची मर्यादा तशीच राहते. शिवाय जीलिबसी नव्या थ्रेडचा स्टॅक याच आकड्यावरून ठरवते, म्हणजे टेस्टमधला प्रत्येक थ्रेड जास्त आभासी मेमरी राखून ठेवतो. जी टेस्ट स्टॅक संपल्यावर काय होतं हे तपासते, तीही आता वेगळं काहीतरी तपासत असते. अडलेल्या रात्री वापरा, पाइपलाइनमध्ये कायमचं लिहू नका.

आमच्या टेस्टची आणि फाइलींची नावं मराठीत आहेत. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘चाचणी’ या शब्दात पाच चिन्हं आहेत, म्हणून १५ बाइट. लिनक्स बाइट मोजतो. विंडोज यूटीएफ-१६ ची एककं मोजतो आणि तिथे हाच शब्द पाच एककांचा. त्यामुळे मराठी नावांची यादी लिनक्सवर तिप्पट जागा खाते, विंडोजवर रोमनइतकीच. लिनक्सवर एका फाइलनावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं.

आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. गिट बदललेल्या फाइलींची यादी देताना रोमनबाहेरची नावं अवतरणात घालून प्रत्येक बाइटचा आकडा बॅकस्लॅशसह लिहितो. ३४०, २४४ असे आकडे दिसले की समजा देवनागरी आहे. एका चिन्हाची १२ अक्षरं होतात, आणि ते नाव रनरला दिलं तर फाइल सापडतही नाही. ‘-झेड’ स्विच द्या किंवा ‘कोअर.कोटपाथ’ बंद करा. दुसरं, पायटेस्ट पॅरामीटराइझ केलेल्या टेस्टच्या आयडीत मराठी मजकूर आला, तर तो एस्केप करतो, प्रत्येक चिन्हामागे सहा अक्षरं. हे बंद करायचा पर्याय आहे, पण त्याच्या लांबलचक नावातच ‘आणि समुदायाच्या मदतीवरचा सगळा हक्क सोडतो’ असं लिहिलेलं आहे. मी तो वापरत नाही; पॅरामीटरला ‘आयडीज’मधून छोटी रोमन नावं देतो.

यादीची फाइल केली, तरी टेस्ट नीट चालत नाहीत. काय चुकत असेल?

आधी फाइलीचं एन्कोडिंग पाहा. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ चिन्हाने लिहिलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये जाते आणि रनरला ती अगम्य वाटते. पॉवरशेल ७ मध्ये हे होत नाही.

मग अवतरणं. प्रत्येक साधनाच्या चिठ्ठीचं व्याकरण वेगळं आहे. पायटेस्टमध्ये पूर्ण ओळ हे एक आर्ग्युमेंट, त्यामुळे स्पेस असलेल्या नावाला अवतरण घातलंत, तर ते अवतरण नावाचाच भाग होतं. जावाच्या आर्गफाइलीत उलट: स्पेस असेल तर अवतरण हवंच, आणि अवतरणाच्या आत विंडोजचा बॅकस्लॅश दुहेरी लिहावा लागतो.

पुसलेल्या फाइली हे तिसरं कारण. गिट डिफ यादीत त्याही देतो, पायटेस्टला त्या सापडत नाहीत आणि तो ४ देऊन थांबतो. ‘--डिफ-फिल्टर=डी’ लावा, यातला डी लहान लिपीतला.

शेवटी, रिकामी यादी. कोणतीही टेस्ट निवडली गेली नाही, तर चिठ्ठी कोरी जाते, आणि कोरी चिठ्ठी मिळालेला पायटेस्ट काही न सांगितल्यासारखा वागून सगळ्याच टेस्ट चालवायला घेतो. जीएनयू एक्सआर्ग्सही इनपुट रिकामं असलं तरी कमांड एकदा चालवतोच, ‘-आर’ दिल्याशिवाय. म्हणून रनर बोलावण्याआधी फाइलीच्या ओळी मोजा: शून्य असतील तर तसं लॉगमध्ये लिहून थांबा, नसतील तर तो आकडा छापा. महिन्याभराने कोणी विचारलं की त्या दिवशी नक्की किती फाइली चालवायला दिल्या होत्या, तर त्याला दाखवायला ती एक ओळ हाताशी असते.